पडलेलं उचलायचं कोणी

खोकला औषधांनी गेला, पण खोकल्यासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये भलतंच काही सापडलं.

कॅन्सरच्या सर्जननी पडद्यावरचं चित्र आईकडे वळवलं. आईचा जन्म शिवणकामात गेलेला. कापडावरची खडूची रेघ पाहावी तशी मान तिरकी करून तिने ते काळं-करडं चित्र न्याहाळलं. तिच्या एका बाजूला थोरली मुलगी बसली होती, दुसऱ्या बाजूला धाकटा मुलगा.

"फुप्फुसं स्वच्छ आहेत," सर्जन म्हणाले. "ही चांगली गोष्ट. पण छातीच्या चित्रात पोटाचा वरचा भागही थोडा येतो. हे डावं मूत्रपिंड. त्याच्या डोक्यावर टोपी घातल्यासारखी एक लहानशी ग्रंथी असते, अ‍ॅड्रेनल म्हणतात तिला. त्या टोपीत ही गाठ आहे. साधारण लिंबाएवढी."

"म्हणजे शोधायला गेलो एक आणि सापडलं दुसरंच," धाकटा म्हणाला.

"असंच होतं. अशा गाठी पुष्कळांच्या पोटात असतात, आणि बहुतेकांना त्यांचा जन्मभर पत्ताही लागत नाही. पण पूर्वी कॅन्सर होऊन गेलेल्या माणसात गाठ दिसली की आम्हाला आधी त्याचाच संशय घ्यावा लागतो. घरात एकदा चोर येऊन गेला की पुढे मांजराने भांडं पाडलं तरी आपण काठी घेऊनच उठतो ना, तसं."

आई हसली. बाकी कोणी हसलं नाही. तिच्या स्तनाचा कॅन्सर काढून बरीच वर्षं झाली होती, आणि घरात तो शब्द उच्चारायची सवयही मोडली होती.

सर्जननी पोटाचा जुना स्कॅन आहे का म्हणून विचारलं. असता तर ताडून पाहिलं असतं. तेव्हाही गाठ एवढीच असती तर निम्मी काळजी मिटली असती. पण तसा स्कॅन कधी काढलाच नव्हता. निरुपद्रवी गाठीत बहुधा चरबी असते आणि ती चित्रात गडद दिसते, ही तशी दिसत नव्हती. तेव्हा सुईने तुकडा काढून पाहायचा, असं त्यांचं मत पडलं. "मात्र त्याआधी ग्रंथींच्या डॉक्टरांना दाखवून या. त्यांनी हो म्हटल्याशिवाय आम्ही या गाठीत सुई घालत नाही."

"आणखी एक डॉक्टर कशाला?" थोरली म्हणाली. "सरळ सुईच घाला ना. काय ते एकदाचं कळू दे."

"आठवडाभर थांबल्याने बिघडत नाही, ताई. घाईने बिघडतं."

बाहेर लिफ्टसमोर रांग होती. आई भिंतीला टेकून उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "एक मागू का? सुट्टीत भिंगरीला माझ्याकडे राहू दे. चार दिवस. तिला बटणाचं काज करायला शिकवायचं राहिलंय."

थोरलीने लिफ्टच्या आकड्यांकडे पाहिलं.

"परत आला असेल तो आजार," आई म्हणाली, "तर मग कधी शिकवणार?"

"बघू," थोरली म्हणाली.

या 'बघू'चा अर्थ दोघींनाही माहीत होता.

भिंगरी ही थोरलीची मुलगी. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून हे नाव पडलं. चालायला लागल्यापासून ती आजीच्या शिवणाच्या खोलीत वाढली होती. मोठं टेबल, त्यावर कात्र्या, कोपऱ्यात मशीन, खिडकीशी इस्त्री, आणि फळीवर बटणांचा पत्र्याचा डबा. तो डबा खुळखुळवला की भिंगरी रडायची थांबायची.

पण आजीचा स्वभाव हे घरातलं जुनं दुखणं होतं. ती मुळात गोड बोलणारी, गिऱ्हाइकाला दोन्ही हातांनी पाणी देणारी बाई. आणि मध्येच तिचा भडका उडे. उडण्यामागचं कारण सगळ्या घराला पाठ होतं: काही खाली पडलं की. टाचणी पडो, चमचा पडो, कोणाच्या हातातला रुमाल पडो. आई ते उचले आणि उभी राहते न राहते तोच तिचं सगळं बदलून जाई. ओठ आवळलेले, डोळे मोठे, हात थरथरते. "बाहेर जा! सगळे बाहेर जा!" समोर पँटची उंची मापून घ्यायला उभं राहिलेलं गिऱ्हाईक असलं तरी तेच. टाचण्या लावलेल्या पँटीत माणसं रस्त्यावर येऊन उभी राहत. हळूहळू गिऱ्हाइकं दुसरीकडे शिवायला टाकू लागली.

धाकट्याने आईचं नाव 'तोफ' ठेवलं होतं. काही पडल्याचा आवाज आला की तो ओरडायचा, "पळा, तोफ डागली!" पाहुण्यांना तो दारातच सांगायचा, "चपला हळू काढा. आमच्याकडे पडझड चालत नाही."

आणि बाबा? बाबांचं काम एकच. काही पडलं की आईच्या आधी धावून ते उचलायचं. जेवताना, बोलताना, पाहुण्यांसमोर, बाबा खुर्चीतून असे उठत की जणू जमिनीला आग लागलीय. नातेवाईक म्हणत, बायकोच्या धाकात माणूस असावा तर असा. धाकटा म्हणे, बाबा, तुमच्या पाठीला बिजागरी बसवून घ्या. बाबा हसत आणि उचललेली वस्तू आईच्या हातात न देता जागेवर ठेवत. पुढे बाबा गेले, आणि तोफ जास्त वाजू लागली. एकटेपणाने चिडचिडी झालीय, असं सगळे म्हणाले.

मग एक दिवस भिंगरीने बटणांचा डबा सांडला. थोरली दुपारी तिला न्यायला आली तेव्हा पोर दाराबाहेर पायरीवर बसून हुंदके देत होती आणि दाराला आतून कडी होती. "आजीने ढकललं," ती म्हणाली. थोरलीने दार ठोठावलं. बऱ्याच वेळाने आईने उघडलं. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा ओढलेला. थोरलीने तो चेहरा पाहिला, पण विचारलं काहीच नाही. म्हणाली, "माझी पोर मी पुन्हा तुझ्या भरवशावर ठेवणार नाही. कधीच नाही."

आई दाराची चौकट धरून उभी राहिली. थोरलीला वाटलं, बोलणार काय? आहे काय बोलण्यासारखं?

तेव्हापासून भिंगरी आजीकडे यायची ती थोरलीचा हात धरून, सणावाराला आल्यासारखी. निघण्याआधी थोरली तिच्याकडून घोकून घ्यायची: आजीकडे काही पाडायचं नाही. पडलंच तर उचलायचं नाही, बोलायचं नाही, सरळ बाहेर जाऊन उभं राहायचं. पोर हुशार होती. धडा एकदम पाठ झाला.

ग्रंथींच्या डॉक्टर वयस्कर होत्या. त्यांच्या टेबलावर कागद, एक बोथट पेन्सिल आणि रक्तदाब मोजायचं यंत्र, एवढंच होतं. त्यांनी आईला नाव-गाव विचारून झाल्यावर विचारलं, "काही त्रास?"

"काही नाही," आई म्हणाली.

"छातीत धडधडतं? डोकं दुखतं? घाम येतो?"

"या वयात कोणाचं डोकं दुखत नाही, बाई?"

"रक्तदाब?"

"दवाखान्यात आलं की वाढतो. घरी गेलं की उतरतो."

डॉक्टरांनी मोजला. फारसा वाढलेला नव्हता. थोरलीने घड्याळाकडे पाहिलं. धाकट्याला शांतता सोसत नसे. तो म्हणाला, "डॉक्टर, धडधड आम्हाला होते. आमची तोफ वाजली की."

"कोणती तोफ?"

"अहो, हीच. आमच्या मातोश्री. खाली टाचणी पडली तरी बार उडतो. एकदा तर एक गिऱ्हाईक एका पायात पँट, एका पायात..."

"गप रे," थोरली म्हणाली.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तेव्हा यांचा चेहरा लाल होतो की पांढरा?"

थोरलीनेच उत्तर दिलं. "पांढरा. खडूसारखा."

"घाम?"

"येतो. मानेवर, कपाळावर. केस चिकटतात." तिचा आवाज तिलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. इतकी वर्षं हे सगळं तिने पाहिलं होतं. नुसतं पाहिलंच होतं.

"मग?"

"मग थोड्या वेळाने उतरतं. गळून जाते, आडवी पडते. आम्ही म्हणायचो, आता पश्चात्ताप होतोय."

"आणि हे काही पडलं की होतं. पडलेलं उचलतं कोण?"

"आईच."

"वाकून?"

"वाकूनच उचलणार ना!" धाकटा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

डॉक्टर आईकडे वळल्या. "दुसऱ्या कोणी उचललं तर होतं का?"

आईने पदराशी चाळा करत बराच विचार केला. "हे होते तेव्हा हेच उचलायचे," ती म्हणाली. "तेव्हा नाही व्हायचं. मला म्हणायचे, तू वाकू नकोस, तुला सोसत नाही. मी म्हणायची, लोक हसतात तुम्हाला. म्हणायचे, हसू देत."

मग डॉक्टरांनी कागद ओढला आणि लहान मुलाला समजवावं तसं चित्र काढलं. घेवड्याच्या दाण्यासारखं मूत्रपिंड, त्याच्यावर टोपी.

"ही ग्रंथी म्हणजे शरीराचा पहारेकरी," त्या म्हणाल्या. "समोर वाघ आला की ही एक रस रक्तात सोडते. त्याने हृदय जोरात पळतं, रक्तदाब चढतो, घाम फुटतो, माणूस पांढराफटक पडतो. पळायला ताकद यावी म्हणून ही सगळी तयारी. वाघ गेला की सगळं शांत. पण कधीकधी या ग्रंथीत अशी गाठ होते की तिला वाघ लागतच नाही. वाकलं, पोट दाबलं गेलं, की ती रस सोडते. रागावलेला माणूस बहुधा लाल होतो. यांना राग येत नसावा. यांना मरणाची भीती वाटत असावी." त्यांनी आईकडे पाहिलं. "वाटते ना?"

आईने मान हलवली. हो म्हणून.

"आता जीव जातो असं वाटतं," ती म्हणाली. "मग जात नाही. दर वेळी असंच. गेला नाही ते कोणाला काय सांगायचं?"

थोरलीने विचारलं, "सरळ सुई घातली असती तर?"

"अशा गाठीला तयारीशिवाय सुई टोचली तर रक्तदाब एवढा उसळू शकतो की जिवावर बेततं. म्हणून आधी आमच्याकडे पाठवतात."

"म्हणजे कॅन्सर नाही?"

"ते आज सांगता येणार नाही. आधी हा रस जास्त आहे का ते तपासू."

रक्त घेतलं, आणि दिवसभराची लघवी साठवायला एक मोठा कॅन दिला. एरवी धाकट्याने त्या कॅनवर आठवडाभर विनोद केले असते. त्या दिवशी त्याने तो दोन्ही हातांनी धरून गाडीपर्यंत नेला. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाला, "ताई, ते नाव मीच ठेवलं होतं ना?"

"हसलो सगळेच," थोरली म्हणाली.

रस जास्त होता, थोडाथोडका नव्हे, कित्येक पटींनी. डॉक्टरांनी आधी काही आठवडे रक्तदाब ताब्यात ठेवायच्या गोळ्या दिल्या, भरपूर पाणी प्यायला सांगितलं, आणि मग शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. पोटावर चार छोटी छिद्रं पाडून ती ग्रंथी गाठीसकट बाहेर काढली. तपासणीचा अहवाल आला तेव्हा कॅन्सरच्या सर्जननीच फोन केला. जुन्या आजाराचा या गाठीशी काही संबंध नव्हता. अधूनमधून तपासत राहावं लागेल, पण आज तरी घरात चोर नव्हता.

फोन ठेवून थोरली रडली. नवरा म्हणाला, "अगं, आता कशाला? सुटलात की सगळे." तिला सांगता आलं नाही. कॅन्सर निघाला असता तर सगळ्यांनी मिळून त्याला शिव्या घातल्या असत्या. आता कोणाला घालायच्या?

आई घरी आली. टाके वाळले. एके दिवशी थोरली तिच्याजवळ बसून सुयांना दोरे ओवत होती. आईला जवळचं नीट दिसत नसे. थोरली पूर्वी आठवडाभर पुरतील एवढ्या सुया ओवून ठेवत असे. मध्ये तेही सुटलं होतं.

"तेव्हा," थोरली म्हणाली, "भिंगरीने डबा सांडला तेव्हा, तू तिला का ढकललंस?"

"हात थरथरत होते गं. टेबलावरची मोठी कात्री माझ्या हाताने सरकत होती आणि खाली ही बसलेली. मला वाटलं, मी हिच्या अंगावर पडणार. म्हणून बाहेर काढली आणि कडी लावली, परत आत येऊ नये म्हणून."

थोरलीच्या हातातला दोरा सुईच्या शेजारून गेला. तिने पुन्हा टोक ओलं केलं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

थोरलीने दोरा सुईतून ओढून घेतला.

"तुझं चुकलं असं नाही म्हणत मी," आई म्हणाली. "मला तरी कुठे ठाऊक होतं? सगळं घर म्हणतंय स्वभाव, तर स्वभावच असेल. मीसुद्धा रोज सकाळी ठरवायची, आज नाही चिडायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. मग स्वतःची लाज वाटायची." तिने थोरलीच्या हातातून सुई घेतली. "तुझ्या बाबांना कारण ठाऊक नव्हतं. पण वाकलं की होतं, हे त्या माणसाने पाहिलं होतं. आणि मी त्यांनाच चारचौघांत म्हणायची, बसा हो जागेवर, सारखं काय उठता."

सुट्टी लागल्यावर थोरलीने भिंगरीची पिशवी भरली. कपडे, गोष्टीचं पुस्तक, उशाशी लागणारं कापडी अस्वल. वाटेत तिने मुलीला सगळं समजावून सांगितलं: आजीच्या पोटात गाठ होती, तिच्यामुळे तसं व्हायचं, आता गाठ नाही. भिंगरीने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. आता ती शाळेत जाणारी, सगळ्याला 'बरं' म्हणणारी मुलगी झाली होती. भिंगरी हे नाव तिला आता दुसऱ्याच कोणाच्या कपड्यासारखं सैल होत होतं.

आजीने सगळी तयारी मांडून ठेवली होती. कापडाचा तुकडा, त्यावर खडूने आखलेलं काज, लाल दोरा.

"हे बघ," आजी म्हणाली, "आधी शिवायचं की आधी कापायचं?"

"कापायचं?"

"सगळ्यांना तसंच वाटतं. आधी कडेने टाका घालून घ्यायचा, मग मधोमध कापायचं. नाहीतर धागे सुटतात."

भिंगरी मन लावून टाके घालू लागली. जीभ ओठाच्या कोपऱ्यात. चांगलं काज होत होतं. थोरली दाराशी उभी राहून पाहत होती आणि तिला वाटत होतं, झालं, सगळं परत जागेवर आलं. मग भिंगरीने दोरा ओढायला कोपर मागे नेलं आणि ते डब्याला लागलं.

पत्रा जमिनीवर आपटला. बटणं खोलीभर पळाली, एखाददुसरं दाराबाहेरही गेलं.

भिंगरीने बटणांकडे पाहिलंच नाही. तिने आजीकडे पाहिलं. सुई जपून कापडात खोचली, तुकडा टेबलावर ठेवला, उठली, थोरलीच्या अंगावरून गेली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली. जाताना तिने दार मागे ओढून घेतलं. ते पुरतं लागलं नाही.

"भिंगरी! अगं, आता नाही तसं होत, सांगितलं ना तुला..."

"हाक मारू नकोस," आई म्हणाली.

थोरली खाली बसून बटणं गोळा करायला लागली. आईने तिचा हात धरला. "तू नको. मला उचलू दे."

आई वाकली. एक बटण उचललं, डब्यात टाकलं. पुन्हा वाकली. थोरली तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, आयुष्यात पहिल्यांदा नीट. ओठ साधे होते. कपाळ कोरडं होतं. बाबांनी हे पाहायला हवं होतं, असं तिला वाटलं, आणि ती भिंतीकडे वळली.

"हे कोटाचं," आई मोठ्याने म्हणू लागली, दारापलीकडे ऐकू जाईल असं. "हे शाळेच्या शर्टाचं. याला चार भोकं. हे मोत्यासारखं, हे तुझ्या आईच्या फ्रॉकचं होतं. याच्या जोडीचं एक होतं, दोन भोकांचं. ते कुठे गेलं कोण जाणे."

डबा भरत आला. दाराच्या फटीत एका पावलाचं टोक दिसत होतं. ते हललं नाही. आई वाकत राहिली, सांगत राहिली. टेबलाखालची संपली, मशीनखालची संपली.

मग ते टोक जरा पुढे आलं. दोन भोकांचं एक मोत्यासारखं बटण फटीतून घरंगळत आत आलं आणि दाराशीच आडवं पडलं. पाऊल परत मागे गेलं.

आई दारापर्यंत चालत गेली. वाकली, बटण उचललं, आणि ते मुठीत धरून तिथेच उभी राहिली. दार तिने उघडलं नाही. जेवढं उघडं होतं तेवढंच राहू दिलं.